पूर मोजताना (भाग 9) : पिशवीतली लाल सुपारी

या आठवड्यात ओढ्यांच्या पाणलोटाचा हिशोब मांडायचं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या वेळी. कारण बोर्ली पंचतनच्या एका वाचकांचं पोस्टकार्ड मध्येच आडवं आलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, शंभर वर्षांतून एकदा यायचा तो पूर 2005 साली महाडला येऊन गेला. म्हणजे 2105 पर्यंत महाडकरांनी निर्धास्त असायला हवं होतं. मग 2021 साली बाजारपेठ पुन्हा पाण्याखाली कशी?

प्रश्न खोचक आहे, पण घोळ वाचकांचा नाही, नावाचा आहे. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची असते आणि लाल रेषा 100 वर्षांच्या. वाचणाऱ्याला वाटतं, हे एसटीचं वेळापत्रक आहे: एक गाडी गेली की दुसरी शंभर वर्षांनी. प्रत्यक्षात ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कुठल्याही एका वर्षी ज्याची शक्यता शंभरात एक असते, असा पूर.

बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या माणसाला सुपारीखेरीज दुसरं उदाहरण द्यायचं कशाला? एका पिशवीत 99 साध्या सुपाऱ्या आणि एक लाल रंगवलेली. दरवर्षी मृग लागला की हात घालून एक काढायची, बघायची आणि परत पिशवीत टाकायची. सगळी गोम या ‘परत’मध्ये आहे. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती पिशवीत नसते असं नाही. तीस पावसाळ्यांत ती एकदा तरी हाती लागण्याची शक्यता 26 टक्के भरते. निळ्या रेषेच्या पिशवीत तर अशा चार सुपाऱ्या. त्या रेषेवर घर बांधलं आणि कर्ज वीस वर्षांचं असलं, तर कर्ज फिटायच्या आत पाणी उंबऱ्याशी येण्याची शक्यता 56 टक्के. बँकेचा कुठला अर्ज हे विचारत नाही.

या हिशोबाला ज्याचं नाव चिकटलं तो एमिल गुम्बेल हा म्युनिकचा गणिती. माणूस मोठा बाणेदार. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्याने मोजदाद केली आणि मारेकऱ्यांना न्यायालयं कशी सोडून देतात ते आकड्यांनिशी छापलं. त्यापायी 1932 मध्ये हायडलबर्ग विद्यापीठातली नोकरी गेली; फ्रान्समार्गे तो अमेरिकेला पोचला. नद्यांचे पूर किती वर्षांनी ओलांडले जातात, यावरचा त्याचा गाजलेला निबंध 1941 चा. आजही कुठल्याही पूर-अभ्यासात दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या पुरांची यादी मांडली की ‘गुम्बेल लावून बघा’ असं कुणीतरी म्हणतंच.

मात्र हा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: पिशवी दरवर्षी तीच असते. 2008 मध्ये काही जलशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हे गृहीत आता मेलं, असं सरळ जाहीर केलं. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मध्य भारताचा आकडा जसाच्या तसा कोकणाला चिकटवता येणार नाही, हे खरं. पण पिशवीत कुणीतरी गुपचूप आणखी एक लाल सुपारी टाकली असेल, तर कागदावरचा शंभर वर्षांचा पूर पन्नास वर्षांचा होऊन बसतो आणि नकाशावरची रेषा मात्र हलत नाही.

पावसाखेरीजही हात लागलेले असतात. महाडची सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. जुलै 2021 मध्ये तिथे 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. हे पाणी पोलादपूरवरून महाडला उतरतं. मधे पात्रात गाळ बसलेला, काठाला भराव पडलेला. मग तेवढंच पाणी जास्त उंचीवर चढतं.

आणि खाली समुद्र. बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असेल तर पुराला वाट मिळत नाही. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीचा पाऊणपट केला की झालं: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. महाडला पूर आला त्या 22 जुलै 2021 ला आषाढातली शुद्ध त्रयोदशी होती. तेराचा पाऊणपट म्हणजे ढोबळमानाने सकाळी पावणेदहा, आणि दोन दिवसांवर गुरुपौर्णिमेचं उधाण. खाजणातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, बंद झाली की बांधाच्या आतलं पावसाचं पाणी आतच तुंबतं, हे तो दर पावसाळ्यात बघतो.

आता कार्डावरचा खालचा, बारीक अक्षरातला प्रश्न: आमच्या गावच्या ओढ्याचं काय? अशा छोट्या ओढ्यांवर मोजपट्टी सहसा नसतेच. गुम्बेल लावायचा तर यादी हवी, आणि ती गावालाच करावी लागेल. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाचा पट्टा उरतो, तो पुढच्या सरीत धुऊन जातो. त्याआधी ओसरीच्या खांबावर, जोत्यावर किंवा साकवाच्या कठड्यावर तेलरंगाची रेघ मारावी आणि शेजारी तारीख, वेळ, तिथी लिहावी. आजोबा ज्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं म्हणून सांगायचे, ती पायरीही सालासकट नोंदवावी. बोर्लीकरांनी यंदाच्या पावसाळ्यात एवढं केलं आणि त्या रेघांची उंची कळवली, तर पाणलोटाचा हिशोब त्याच ओढ्यावर करून दाखवता येईल.