फेब्रुवारीचे जादा शंभर

मार्चचा पहिला आठवडा आला की माझ्या टेबलाशी गर्दी होते. भोसरी एमआयडीसीतल्या पाच-सहा छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं मी करते, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, या वेळी शंभर जास्त कापले?" उत्तरही ठरलेलं : "फेब्रुवारी आहे. पी.टी. तीनशे."

मागच्या वर्षी गेटवरच्या वॉचमनकाकांनी स्लिपची घडी खिशात घालता घालता सहज विचारलं, "मग मोठ्या साहेबांचे किती कापले?"

"त्यांचेही तीनशेच."

काकांना वाटलं मी थट्टा करतेय. मी त्यांना रजिस्टर दाखवलं. काकांचा पगार 15,000, साहेबांचा साडेतीन लाख. व्यवसाय कराच्या, म्हणजे पी.टी.च्या, रकान्यात दोघांपुढे तोच आकडा. अकरा महिने 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. महाराष्ट्रात महिना 10,000 च्या वर पगार गेला की सगळे एका पंक्तीला. बायकांना 25,000 पर्यंत माफी आहे, ती 2023 पासून. त्यामुळे आमच्या कॅन्टीनमधल्या मावशी सुटल्या. आणि कंपनी? ती स्वतःचा म्हणून जो व्यवसाय कर भरते, तोही वर्षाला 2,500. दहा कामगारांची असो की दहा हजारांची.

या कराचं मूळ फार चांगलं आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये हा कर आला. शहरातल्या पगारदाराने खडी फोडणाऱ्याची मजुरी द्यायची, इतका सरळ हिशेब. घोडं अडलं ते राज्यघटनेत. कलम 276 म्हणतं, कोणाकडूनही हा कर वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती रक्कम आधी 250 होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली. पुढे गेलीच नाही.

श्रीमंतांवर कर वाढवावा की नाही, यावर टीव्हीवर वाद सुरू झाला की मला हे रजिस्टर आठवतं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वारसा करावरून रान पेटलं, तेव्हा माझी भाची म्हणाली, "मावशी, असला कर भारतात कसा चालेल?" तिला सांगितलं, बाई गं, चालून बंद पडलाय. 1953 पासून मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर होता, दर 85 टक्क्यांपर्यंत. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी 1985 मध्ये तो काढून टाकला, कारण वर्षाला जेमतेम वीस कोटी यायचे आणि वसुलीचा खटाटोप मोठा. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्याने 1957 मध्ये संपत्ती कर आला. 1973-74 मध्ये तर दोन लाखांवरच्या उत्पन्नाला अधिभारासह 97.75 टक्के प्राप्तिकर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात! याला मी धोरण म्हणणार नाही. त्याने श्रीमंत गरीब झाले नाहीत, दोन वह्या ठेवायला शिकले. करचुकवेगिरीचं मोठं कारण हे चढे दरच आहेत, असं वांछू समितीने 1971 मध्येच सांगितलं होतं.

पण संपत्ती कर का फसला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

1996 साली मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात नवखी होते. एका अशिलाकडे 31 मार्चच्या तारखेने दागिन्यांची यादी करायला मला पाठवलं. शेठाणींनी स्टीलचा डबा आणला. मूल्यांकन करणाऱ्याने काटा मांडला. पाटल्या, तोडे, चपलाहार, ठुशी, मुलीची लहानपणची बिंदली. एकेक डाग वजन होऊन वहीत चढत होता. बिंदली काट्यावर ठेवताना शेठाणींचा हात जरा थांबला, तो अजून आठवतो. त्याच टेबलावर शेअर सर्टिफिकेटांची एक जाडजूड फाइल पडली होती. मी यादीत ओढायला गेले, तर आमचे सर म्हणाले, "ती राहू दे. शेअर धरायचे नसतात." 1992 च्या अर्थसंकल्पाने शेअर, ठेवी, रोखे यांना संपत्ती करातून वगळलं होतं. उद्योगात गुंतलेल्या पैशाला उत्तेजन द्यायचं म्हणून. सोनं, मोटार, शहरातली मोकळी जागा असल्या गोष्टी तेवढ्या उरल्या. म्हणजे खरी दौलत फाइलीत, आणि कर बिंदलीवर.

असल्या कराचं पीक किती येणार? 2013-14 मध्ये सबंध देशातून 1,008 कोटी. अरुण जेटलींनी 2015 मध्ये तो रद्द केला आणि एक कोटीवरच्या उत्पन्नाला दोन टक्के अधिभार वाढवला. हिशेब म्हणून चूक नाही. पण अधिभार उत्पन्नावर असतो. मोठ्या मालकाचं उत्पन्न कागदावर मोठं असावं लागतंच असं नाही. त्याची वाढ शेअरच्या भावात होते, आणि विकल्याशिवाय त्या वाढीवर कर नाही. विकले, तरी शेअर बाजारातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला 12.5 टक्के. आमच्या साहेबांच्या पगाराला वरच्या टप्प्यात 30.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमान यांनी 2024 मध्ये जी-20 साठी मांडलेली योजना नेमकी या फाइलीवर बोट ठेवते : जगातल्या सुमारे 3,000 अब्जाधीशांनी दरवर्षी संपत्तीच्या किमान दोन टक्के तरी कर भरावा. श्रीमंत लोक देश सोडून जातील, हा आक्षेप पोकळ नाही. नॉर्वेने 2022 मध्ये संपत्ती कराचा दर वाढवला आणि तिथले काही धनिक स्वित्झर्लंडला गेले. गंमत अशी की स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहे.

कंपन्यांचं आणखी वेगळं. 20 सप्टेंबर 2019 रोजी निर्मला सीतारामन यांनी पणजीत जाहीर केलं की सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर 30 वरून 22 टक्के. सरकारने स्वतःच सांगितलेली तूट वर्षाला 1.45 लाख कोटी. सेन्सेक्स त्या दिवशी 1,921 अंकांनी उसळला. आमच्या गल्लीत मात्र शुकशुकाट, कारण इथले बरेच कारखाने भागीदारीत चालतात, आणि भागीदारी फर्मला आजही सरसकट 30 टक्के. एक लेथवाले भाऊ दर वर्षी मला विचारतात, "ताई, आम्ही लहान म्हणून जास्त भरायचं का?" माझ्याकडे उत्तर नसतं. 2023-24 मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराची निव्वळ वसुली 10.44 लाख कोटी झाली, कंपन्यांची 9.11. वैयक्तिक करात धनिकांचाही मोठा भरणा असतो, हे खरंच. तरी कंपन्या मागे पडल्या, हे दिसायचं ते दिसतं.

दर 97 टक्क्यांवर न्या, असं मी म्हणणार नाही. फाइल यादीत धरा, एवढंच म्हणेन. आणि सुरुवात करायला वारसा कराचं वादळ उठवायची गरज नाही. व्यवसाय कराची मर्यादा 12,000 करावी, अशी शिफारस चौदाव्या वित्त आयोगाने केलेली आहे. मर्यादा वाढली म्हणजे काकांचा कर वाढतो असं नाही, टप्पे राज्याने ठरवायचे असतात. तेव्हा तुमचे खासदार पुढच्या वेळी दारात आले, तर त्यांना कलम 276 चं काय झालं ते विचारा. आणि तुमची फेब्रुवारीची स्लिप हाताशी ठेवा.