चाळिशीनंतर रेल्वेची वाट : कोणते दार बंद, कोणते उघडे

कापडबाजारात मंदी आली की पेढीवरच्या चाळिशीतल्या माणसाच्या मनात नोकरीचा विचार येतो. आमच्या ठाकूरद्वार-काळबादेवी भागात नोकरी म्हटले की पहिली आठवते ती रेल्वे. चर्नी रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. मार्केटमधील अनेक बांधव याबद्दल विचारतात, म्हणून ही माहिती देत आहे.

आधी कडू भाग सांगतो. स्टेशन मास्तर आणि मालगाडीचा गार्ड (2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात) या जागा रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून भरतात. 2025 च्या जाहिरातीत अट होती पदवीची, आणि वय 18 ते 33. ओबीसींना 3 वर्षांची सवलत. पुन्हा लग्न न केलेल्या विधवा व घटस्फोटित भगिनींना 35, आणि ओबीसी असल्यास 38 पर्यंत मुभा. ही सवलत आपल्याकडे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. याशिवाय डोळ्यांची तपासणी असते आणि तीही चष्म्याशिवाय. रंग ओळखावे लागतात, दूरचे आणि जवळचेही दिसावे लागते. ज्याला चाळिशी लागली त्याचे येथे काम नाही. सिग्नल आणि शेकडो जिवांचा प्रश्न असल्याने हा नियम योग्यच आहे.

मग जो कोणी "पैसे द्या, आत घालतो" म्हणतो तो लबाड समजावा. भरती मंडळ कोणताही दलाल नेमत नाही. 2022 साली तामिळनाडूच्या 28 जणांना नोकरीच्या नावाखाली ठगांनी सुमारे महिनाभर नवी दिल्ली स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवले. हेच प्रशिक्षण आहे असे त्यांना सांगितले होते. त्यांचे अडीच कोटींहून अधिक रुपये बुडाले.

आता उघड्या दाराकडे वळू. माझ्या ओळखीचा एक कापड दलाल, वय 43, दुकानदारांची उधारी बुडाल्याने घरी बसला होता. त्याच्या चाळीत एक निवृत्त गार्डसाहेब राहतात. त्यांनी त्याला शागीर्द करून घेतले. गार्ड होता येत नसेल तर गार्डाच्या शेजारचा डबा बघ, असे ते म्हणाले. मेल-एक्सप्रेसच्या दोन्ही टोकांना गार्डाच्या डब्यातच सामानाचे कप्पे असतात. असा 4 टनांचा कप्पा, किंवा 23 टनांची अख्खी पार्सल व्हॅन, रेल्वे खासगी माणसाला भाड्याने देते.

चार महिने गार्डसाहेब त्याला पार्सल ऑफिसात घेऊन जात. फॉरवर्डिंग नोट कशी भरायची, गठडीवर मार्का आणि स्टेशनचे नाव कुठे घालायचे, रेल्वे पावती का जपायची हे त्याला कळले. मुदतीत माल उचलला नाही तर व्हारफेज चढतो आणि वजन जास्त भरले तर दंड बसतो, हेही. नियमांचे पुस्तक कोणालाही मिळते. पण गाडी किती मिनिटे थांबते आणि तेवढ्यात किती हमाल लागतात, हे उस्तादाशिवाय कोण सांगणार? दलालाचे स्वतःचे हुन्नर होते ते वेगळेच. रमजानपूर्वी कोणत्या गावाला किती माल जातो, लग्नसराईत कोण घाई करतो, हे त्याला तोंडपाठ होते.

सुरुवात त्याने दुसऱ्यांच्या गठड्या बुक करून देण्यापासून केली. कप्पा नंतर. हाच क्रम बरोबर आहे, कारण कप्पा घेतला की तो भरो वा रिकामा जावो, ठरलेले भाडे भरावेच लागते. हंगामात कमावलेले आषाढात जाते. सहा महिन्यांचे गिऱ्हाईक पक्के नसेल तर बोली लावू नये, असे माझे मत आहे.

जून 2022 पासून ही कंत्राटे ऑनलाइन लिलावाने दिली जातात. एकदा नोंदणी केली की कुठल्याही विभागाची बोली घरबसल्या लावता येते. वर्षाला 40 लाख रुपयांपर्यंतच्या कंत्राटासाठी उलाढालीची अट नाही. पूर्वी टेंडरसाठी ऑफिसांत खेटे घालावे लागत, त्यामानाने लहान माणसाला हे सोयीचे झाले.

व्यापारी आणि रेल्वे यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. व्यापारी घराण्यातले गिरगावचे नाना शंकरशेट 1803 सालचे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा ते पन्नाशीचे होते.

ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांनी लहान स्टेशनांवरचे तिकीट बुकिंग सेवक किंवा हॉल्ट एजंट यांच्या जाहिराती पाहाव्यात. पगार नाही, विकलेल्या तिकिटांवर कमिशन मिळते. मुंबईत राहून हे साधणे कठीण, पण ज्यांचे गाव रेल्वेमार्गावर आहे त्यांनी जरूर विचार करावा. चौकशी विभागाच्या वाणिज्य शाखेत करावी. पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाचे कार्यालय मुंबई सेंट्रलला आहे, मध्य रेल्वेचे सीएसएमटीला. जाताना दहावीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा सोबत ठेवावा.