अवधानभंग
हाती घेतलेल्या कार्याशी संबंध नसलेल्या उद्दीपकाकडे किंवा विचाराकडे अवधान वळल्यामुळे त्या कार्यात पडणारा खंड. अवधानाची कक्षा मर्यादित असते. एकाच वेळी अनेक उद्दीपके ज्ञानेंद्रियांवर आघात करीत असली, तरी त्यांपैकी थोडीच जाणिवेच्या केंद्रस्थानी येऊ शकतात.

अवधानभंगाची कारणे बाह्य व आंतरिक अशी दोन प्रकारची असतात. मोठा आवाज, हालचाल, दूरध्वनीची घंटा, स्वतःच्या नावाचा उच्चार ही बाह्य कारणे. तर भूक, थकवा, चिंता, कंटाळा आणि अपुऱ्या कामाची आठवण ही आंतरिक कारणे होत. पातंजल योगसूत्रांत चित्तविक्षेप घडविणारे जे नऊ अंतराय सांगितले आहेत, त्यांत व्याधी, संशय व आलस्य यांचा समावेश आहे.

खंड अल्पकाळाचा असला, तरी त्याचा परिणाम तेवढ्यापुरता राहत नाही. एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यावर पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो व नव्या कामातील कार्यक्षमता घटते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखविले. भ्रमणध्वनीची सूचना नुसती जाणवली, ती उघडून पाहिली नाही, तरीही अवधानाच्या कामात व्यत्यय येतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

यावरून, केवळ इच्छाशक्तीवर विसंबण्यापेक्षा व्यत्ययाचे कारणच आधी दूर करणे अधिक परिणामकारक ठरते. विमानवाहतुकीत हे तत्त्व नियमाने अंमलात आले आहे. अमेरिकेतील शार्लट येथे ११ सप्टेंबर १९७४ रोजी उतरण्याच्या बेतात असलेले एक विमान कोसळून ७० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या वेळी वैमानिक अवांतर विषयांवर बोलत होते, असे चौकशीत दिसून आले. अशा अपघातांचा विचार करून १९८१ मध्ये त्या देशात, उड्डाण व अवतरण यांसारख्या महत्त्वाच्या टप्प्यांत, सामान्यतः १०,००० फुटांखाली, वैमानिकांना कामाव्यतिरिक्त संभाषण करण्यास मनाई करण्यात आली.

दैनंदिन व्यवहारातही हाच मार्ग उपयोगी पडतो. अभ्यासाच्या किंवा लेखनाच्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. निरोप व पत्रे पाहण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ती घरातील मंडळींना व सहकाऱ्यांना सांगून ठेवावी. मध्येच आठवलेले काम तत्काळ हाती न घेता ते केव्हा व कसे करावयाचे, हे टिपून ठेवावे. अपुऱ्या कामाची निश्चित योजना आखल्यास त्याविषयीचे विचार मनात कमी डोकावतात, असे मासिकॅम्पो व बाउमाइस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत आढळले. काम अर्धवट सोडून उठणे भाग पडल्यास पुढची पायरी लिहून ठेवावी. म्हणजे परतल्यावर धागा लवकर सापडतो.

दीर्घकाळ सलग अवधान टिकविण्यासही मर्यादा आहेत. नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ मधील प्रयोगांत घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याच्या क्वचित होणाऱ्या दुहेरी उड्या टिपण्याची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घटली. म्हणून अधूनमधून घेतलेली ठराविक विश्रांती हा अवधानभंग नसून अवधानाचे रक्षण करणारा उपायच होय. अवधानभंग सर्वस्वी अनिष्टही नव्हे. धोक्याच्या आवाजाकडे मन आपोआप वळते, म्हणूनच प्राणरक्षण होते.