सरकलं काय?

जुलैतल्या पावसात हिंजवडीच्या फेज टूहून घरी निघाले होते. शिवाजी चौकाच्या अलीकडे एक दुचाकी उलट्या दिशेनं थेट समोर आली. तिला वाचवायला गाडी उजवीकडे घेतली आणि पुढचं उजवं चाक दुभाजकाच्या काँक्रीटवर आदळलं. दुचाकीवरची मुलं वाचली, मलाही काही झालं नाही. वाकलेली रिम आणि फुगा आलेला टायर बदलला. पण स्टिअरिंग तिरकं झालं होतं आणि हात सैल सोडला की गाडी उजवीकडे ओढायची.

एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली. वीस मिनिटांत पडद्यावरचे आकडे हिरवे झाले, स्टिअरिंगही सरळ झालं. ओढणं मात्र थांबलं नाही. पुढे उजव्या टायरची बाहेरची कड हाताला गुळगुळीत लागू लागली. विचारलं, तर रस्त्याच्या उतारानं असं होतं म्हणाले. मला ते पटेना. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा किंचित डावीकडेच सरकते. माझी तर चढाच्या बाजूला ओढत होती.

मारुंजी रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गेले. यंत्राकडे न जाता त्यांनी आधी विचारलं, "ताई, दणका समोरून बसला की बाजूनं?" मग चारही टायरांची हवा सारखी केली. पुढची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावली आणि लक्ष्मी चौकापर्यंत फेरी मारली. दोष टायरचा असता तर ओढण्याची बाजू बदलली असती. ती बदलली नाही. गाडी जॅकवर घेऊन त्यांनी चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. बॉल जॉइंट, बेअरिंग, टाय रॉड, कुठेच खेळ नव्हता. शेवटी टेप काढला. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं. उजवीकडचं अंतर कमी भरलं. म्हणजे चाक मागे ढकललं गेलं होतं.

आता गाडी यंत्रावर चढली. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर उभी केली, स्टिअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंश वळवलं, मग ब्रेक दाबून धरून पुन्हा वळवलं. अलाइनमेंट म्हटलं की आपल्याला टो तेवढा ठाऊक असतो: वरून पाहिल्यावर चाकं नाकासमोर आहेत की आत-बाहेर वळलेली. चाक एक अंश चुकलं, तर किलोमीटरमागे सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासत जातं, म्हणून टो महत्त्वाचा खराच. पण तो टाय रॉड फिरवून कधीही जुळवता येतो, आणि म्हणूनच दणक्यानंतर तो फसवतो. बाकीचे कोन बहुतेक छोट्या गाड्यांत पान्यानं जुळत नाहीत. ते कंपनीतून ठरून येतात आणि एखादा भाग वाकला किंवा सरकला तरच बदलतात.

मिस्त्रींनी यंत्रानं छापलेल्या कागदावरच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. कॅम्बर म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. डावीकडे उणे 20 मिनिटं, उजवीकडे अधिक 50. दोन्हींत 1 अंश 10 मिनिटांचा फरक. कॅस्टर म्हणजे सायकलच्या फोर्कला असतो तसा मागे झुकलेला कल. हँडल आपोआप सरळ येतं ते त्याच्यामुळे. तो उजवीकडे कमी झाला होता, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. तिसरा केपीआय. चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं तिचा आतला कल. डावीकडे 12 अंश 40 मिनिटं, उजवीकडे 11 अंश 30.

"आता कॅम्बर आणि केपीआयची बेरीज करा," ते म्हणाले. मी केली. डावीकडे 12 अंश 20 मिनिटं, उजवीकडेही तेवढीच.

त्या बेरजेत निदान होतं. चाक ज्यावर बसतं तो नकल किंवा त्याच्या वरचा शॉकअप वाकला असता, तर चाक आणि ती रेषा यांच्यातला कोनच बिघडला असता, बेरीज जुळली नसती. ती जुळली, म्हणजे दोन्ही एकमेकांशी धड आहेत, फक्त सगळी जोडणी एकत्र कलली आहे. खालचं टोक आत आणि मागे गेलं आहे. दोन्ही बाजूंची जोडणी ज्याला धरून असते तो क्रॉसमेंबर आडवा सरकला असता, तर डावीकडेही उलटा फरक दिसला असता. डावी बाजू तर जागच्या जागी होती. उरला ते खालचं टोक धरणारा उजवा लोअर आर्म.

तो काढून नव्या आर्मशेजारी फरशीवर ठेवला, तेव्हा वाक नुसत्या डोळ्यांनी दिसला. पहिल्या ठिकाणी टो जुळवला होता, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तापवून सरळ करता येईल का, विचारलं. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. तापवलेल्या पोलादाची ताकद बदलते, आणि वेगात ब्रेक दाबल्यावर चाकाला जागेवर धरून ठेवतो तो हाच भाग. नवा आर्म बसवून सगळे कोन पुन्हा मोजले आणि टो सर्वांत शेवटी जुळवला.

तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते: धडकेनंतर दुरुस्तीआधीच्या मापांचा छापील कागद मागा, त्यात कॅस्टर आणि केपीआय आहेत का बघा, आणि तो विम्याच्या सर्व्हेअरलाही दाखवा. आकडे हिरवे झाले का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, सरकलं काय?

परतताना मोकळा रस्ता पाहून हात क्षणभर सैल सोडला. गाडी अगदी किंचित डावीकडे सरकली, रस्त्याच्या उताराबरोबर.