गोंदियाचें एक विद्यादान

नागपूराहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया हें मोठें जंक्शन आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें अपरात्रीं गाडीच्या खिडकींतूनच काय तें पाहिलें असेल. भाताच्या गिरण्या, तेंदूच्या पानांचा व्यापार आणि विडीचा धंदा हा या शहराचा लौकिक. पूर्वी हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला.

याच जिल्ह्यांत आमगांवजवळ पदमपूर नांवाचें खेडें आहे. भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें म्हणून सांगितलेलें विदर्भांतील पद्मपुर तें हेंच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. ज्या भूमीनें उत्तररामचरिताचा कवि दिला, त्याच भूमींत या शतकापूर्वीच्या शतकाचा मध्य उलटला तरी खेड्यांतल्या मुलाला माध्यमिक शाळा म्हणजे दूरची गोष्ट होती, आणि मुलीला तर ती नव्हतीच म्हटलें तरी चालेल. ही उणीव भरून काढण्याचें काम ज्या गृहस्थानें अंगावर घेतलें, तो ना संस्कृतज्ञ होता, ना पदवीधर, ना मूळचा वैदर्भीय.

मनोहरभाई पटेल यांचा जन्म १९०६ सालीं गुजरातेंत झाला. विडीच्या धंद्याच्या निमित्तानें ते तरुणपणींच गोंदियास आले आणि त्याच धंद्यांत त्यांनीं मोठी संपत्ति मिळविली. स्वतःचें शालेय शिक्षण बेताचेंच. पुढें ते विधानसभेचे सभासदही झाले. १९५८ सालीं त्यांनीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. शहरांत धोटे बंधु विज्ञान महाविद्यालय आणि नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, तर तालुक्याच्या व आडवळणाच्या गांवीं माध्यमिक शाळा, असा तिचा विस्तार होत गेला. या दोन्ही महाविद्यालयांवर संस्थापकाचें नांव नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. आपल्याकडे धर्मशाळेच्या पायरीवरही देणाऱ्याचें नांव कोरण्याची हौस! पुढें त्यांच्या नांवानेंही संस्था निघाल्या, ही गोष्ट निराळी. १९७० सालीं मनोहरभाई निवर्तले.

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु दानाचा विचार करतांना धन कोठून आलें हेंही पाहावें, असें आमचें मत आहे. म्हणून थोडें विडीकडे वळूं.

ऐन वैशाखांत, एप्रिल-मेच्या उन्हांत, बायकामुलें पहाटे रानांत शिरून तेंदूचीं कोंवळीं पानें तोडतात. घरीं आणून त्यांचे पुडे बांधावयाचे, ते मोजून द्यावयाचे आणि मग ते उन्हांत वाळवावयाचे. पाऊस पडण्यापूर्वीं हें सारें उरकलें पाहिजे. पुढचें काम घराच्या ओसरीवर चालतें. भिजवलेलें पान मापानें कापावयाचें, मांडीवरच्या सुपांतली चिमूटभर तंबाखू त्यांत भरावयाची, वळावयाचें, तोंड दुमडावयाचें आणि दोऱ्यानें बांधावयाचें. मजुरी हजारावर मिळते. त्यांतही विड्या तपासतांना वाईट म्हणून कांहीं बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. या ‘छाटी’वरून कामगार व मालक यांच्यांत वर्षानुवर्षें तंटे झाले. कामाचे तास, रजा, आणि घरीं बसून काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानणें, या गोष्टी कायद्यांत यावयास १९६६ साल उजाडलें. तंबाखूची धूळ मात्र कायद्यानें थांबत नाहीं. ती छातींत जातेच.

तेव्हां प्रश्न असा कीं, जिच्या बोटांनीं हें धन निर्माण झालें, तिला त्यांतून काय मिळालें? कोणी म्हणेल, शाळा काढण्यापेक्षां हजारीं मजुरी वाढवावयाची होती. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. मजुरी हा हक्क आहे, आणि दान कितीही मोठें झालें तरी तें हक्काची जागा घेऊं शकत नाहीं. पण वाढलेल्या मजुरींतून एकट्या घराला हायस्कूल उभारतां आलें नसतें, हेंही तितकेंच खरें. शाळा गांवांत आली म्हणजे आईच्या शेजारीं सूप घेऊन बसणारी मुलगी निदान दिवसाचे कांहीं तास पाटीवहीपाशीं बसूं शकते; शाळा दहा कोसांवर असेल तर तिच्या बाबतींत प्रश्नच उद्भवत नाहीं.

विदर्भाला अशा दानाचा दुसराही नमुना ठाऊक आहे. कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनीं मॅंगनीजच्या खाणींत मिळविलेली संपत्ति मृत्युपत्रानें नागपूर विद्यापीठास दिली. तींतून १९४२ सालीं नागपुरास तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि २०२३ सालीं तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच्याही आधीं, १८९२ सालीं, जमशेटजी टाटांनीं परदेशीं उच्च शिक्षणास जाणाऱ्यांसाठीं निधि ठेवला. हीं दानें हुशार विद्यार्थ्याला वर उचलणारीं. गोंदियाचें दान त्या मानानें साधें. त्यांत मोठे शास्त्रज्ञ घडविण्याची प्रतिज्ञा नाहीं. धानाच्या बांधावरून येणाऱ्या मुलाला मॅट्रिकपर्यंत आणि जमल्यास बी.ए.पर्यंत न्यावें, एवढीच आकांक्षा. आम्हांस तीच अधिक अवघड वाटते. कारण एक उत्तम प्रयोगशाळा शहरांत चालविणें सोपें, पण देवरी-सालेकशाकडच्या जंगलपट्टींत गणिताचा शिक्षक टिकवून ठेवणें महाकठीण!

अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार सरकार देतें, म्हणून आज अशा संस्थांत दात्याचा पैसा किती आणि जनतेचा किती, हा हिशेब पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाहीं. जनतेचा वाटा वाढला तसा जनतेला जाब विचारण्याचा अधिकारही वाढला, हें व्यवस्थापकांनीं मनावर घ्यावें.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या दाखल-पुस्तकांत पालकाचा धंदा लिहिण्याची चाल आहे. जुनीं पुस्तकें चाळून, ज्यांच्या धंद्याच्या रकान्यांत ‘विडी-मजुरी’ असें लिहिलें आहे अशीं किती मुलें व किती मुली शेवटच्या वर्गापर्यंत पोंचल्या, याची यादी संस्थेनें छापावी. संस्थापकाच्या जयंतीचीं भाषणें थोडीं आंखडतीं घेतलीं तर छपाईचा खर्च सहज निघेल.