खिशाचे ओझे, तळहाताचा आधार

विळी जड असली म्हणून कुणी कुरकुर करत नाही. पायाखाली दाबून बसायचे असल्यामुळे ती जड असलेलीच बरी. घडीच्या चाकूचे मात्र तसे नाही. त्याला दोन मालक असतात. एक, दिवसभर त्याला वागवणारा खिसा. दुसरा, पाच मिनिटे त्याला धरणारा तळहात. खिशाला तो चपटा आणि हलका हवा, तळहाताला भरीव आणि जाड. या दोघांचे भांडण मिटवता मिटवता चाकू बनवणाऱ्यांची सव्वाशे वर्षे गेली आहेत.

हे भांडण आकड्यांत पाहायचे असेल तर स्वित्झर्लंडच्या सैनिकाचा चाकू पाहावा. सैन्याच्या नव्या बंदुकीचे स्क्रू काढता यावेत आणि अन्नाचे डबे फोडता यावेत म्हणून १८९१ मध्ये सैनिकांना घडीचा चाकू देण्यास सुरुवात झाली. त्या पहिल्या चाकूचे वजन होते १४४ ग्रॅम. १९०८ च्या नमुन्यात ते १२५ वर आले, १९५१ मध्ये ९० वर आणि १९६१ मध्ये ७२ वर. सत्तर वर्षांत वजन बरोबर निम्मे झाले!

ही बचत झाली कुठून? बरीचशी मुठीतून. पहिली मूठ ओक लाकडाची होती. लाकूड हाताला उबदार लागते, पण बारीक केले की चिरते. म्हणून ते जाड ठेवावे लागते. पुढे कागदाचे थर रसायनात भिजवून, दाबून केलेल्या कडक फायबरच्या पट्ट्या आल्या. १९६१ मध्ये ॲल्युमिनियम आले आणि बांधणीच बदलली. एरवी अशा चाकूत आत धातूची पातळ पट्टी आणि तिच्यावर मुठीची वेगळी पट्टी असते. ॲल्युमिनियमच्या चाकूत एकच पट्टी दोन्ही कामे करते. थर कमी झाले, जाडी घटली, वजनही घटले.

पण फुकट काहीच मिळत नाही. ही पट्टी रिव्हेटने कायमची ठोकलेली असते, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी सहज बदलता येत नाही. तिच्या पोटात चिमटा आणि दातकोरणे ठेवायला जागा नसते. थंडीत ती बर्फासारखी लागते. आणि मुख्य म्हणजे बारीक मूठ जोर लावताना तळव्यात रुतते.

मग २००८ मध्ये त्याच सैन्याने नवा चाकू आणला आणि त्याचे वजन भरले १३१ ग्रॅम! इतक्या वर्षांची कमाई एका झटक्यात गेली, असे कुणालाही वाटेल. पण त्या वाढीव ग्रॅमांत काय आले ते पाहा. लांब, भरदार मूठ, तिच्यावर न घसरणारे मऊ पट्टे, लाकडाची करवत, एका हाताने उघडणारे पाते, आणि उघडल्यावर पाते जागच्या जागी धरून ठेवणारा खटका. जुन्या चाकूत पाते केवळ स्प्रिंगच्या ताकदीवर उघडे राहत असे. उलटा दाब आला तर ते बोटांवर मिटण्याची भीती. ते वजन बोटांच्या रक्षणासाठीही होते.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेलने तो १८९० च्या सुमारास घडवला. बीच लाकडाची गोल मूठ, आत ना पट्टी ना स्प्रिंग. पाते नुसत्या घट्टपणावर राहते. १९५५ पासून ते अडकवायला एक फिरती कडी आली. त्याचा आठ नंबरचा चाकू भरतो सुमारे ४५ ग्रॅम, आणि तरीही मुठीने हात भरतो. हे जमते, कारण लाकूड पोलादापेक्षा कितीतरी हलके. मात्र पावसात मूठ फुगली की पाते अडकून बसते. आपल्या आषाढात त्याची कसोटी लागते.

आमच्या घरात हा हिशेब वेगळ्याच रीतीने सुटला. अप्पा आता चौऱ्याऐंशीचे. आपला आंबा आपणच कापून खायचा, हा त्यांचा बाणा. पण संधिवाताने बोटे वाकडी झाली. ॲल्युमिनियमच्या चाकूची खाच नखात येईना, मूठ पकडीत राहीना. सूनबाईने फोडी करून दिल्या की ते बशी बाजूला सारत. मी त्यांच्यापुढे १३१ ग्रॅमचा जाडजूड चाकू ठेवला. पात्याच्या भोकात अंगठा घातला की तो उघडतो. अप्पा पुन्हा स्वतः आंबा कापू लागले. खटका दाबून चाकू मिटण्याचे काम तेवढे माझे. त्यांचा जुना हलका चाकू आता माझ्या मुलीच्या पाठपिशवीत सह्याद्रीचे गड चढतो.

दुकानात गेल्यावर आपण चाकूची धार पाहतो, अवजारे मोजतो. त्याआधी तो मिटून खिशात टाकावा, चार पावले चालावे, मग उघडून मुठीत घट्ट दाबावा. ओझे होते म्हणून घरी राहिलेला चाकू वेळेला उपयोगी पडत नाही, आणि हातात न ठरणारा जवळ असून नसल्यासारखा. चांगला चाकू किती ग्रॅमचा, याला एक उत्तर नाही. तो कुणाच्या हाताचा, हे आधी विचारावे.