मालेगावकरांनो, ट्रंकेतले कागद रद्दीत देऊ नका!

मोसम-गिरणेकाठच्या शेतकरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत काय सापडेल सांगता येत नाही. जुने सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, मोडीतली खरेदीखतं, लग्नपत्रिका. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं कुळकायद्याचं ‘३२ म’ प्रमाणपत्र. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. रीतसर किंमत भरल्यावर हा कागद मिळे. या कायद्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते तत्कालीन महसूलमंत्री भाऊसाहेब हिरे आपल्याच तालुक्यातले!

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मग कागद सुती कापडात, ओलीपासून दूर ठेवा. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, गाव, साल लिहा; बॉलपेन नको. पंगतीच्या फोटोतला फेटेवाला कोण, हे आजीच सांगू शकते. तिचं बोलणं अहिराणीतच रेकॉर्ड करा.

हरवलेले जुने सातबारे-फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर शोधता येतात. मोडी कागद मात्र जाणकाराकडूनच वाचून घ्या.

तुमच्या घरातला सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा? कमेंटमध्ये फक्त साल लिहा, गट नंबर नको.